खाऱ्या अंड्याचा ठपका

कुदुस,
२९ जून १९८६

चि. सादिकुन यास,

थोरल्या बहिणीचे, तुझ्या यूचे, अनेक आशीर्वाद. वि. वि.

ईदेला घरी येऊन गेले त्याला तीन आठवडे होतील, पण तुझं साधं कार्ड नाही. बस पोहोचली की दरीत गेली, एवढं तरी विचारायचंस. पोहोचली. सेमारांगपर्यंत उभी होते आणि शेजारणीची कोंबडी माझ्या पिशवीवर ऐसपैस बसलेली होती. वुरीचा ताप उतरला का? पैनाहला म्हणावं, पोरीला आंब्याचं लोणचं देऊ नको, मग ती कितीही रडू दे.

माझं इथलं ठीक चाललं आहे. तीच लांबलचक खोली, त्याच लवंगी सिगारेटी. मी वळते, रुकानाह समोर बसून टोकं कातरते. आम्हा दोघींचा मिळून एकच नंबर आहे आणि त्याची चिठ्ठी प्रत्येक जुडीत जाते, त्यामुळे वाईट माल निघाला की तो बरोबर घर शोधत आमच्याकडेच येतो. गेल्या सोमवारी एक जुडी आली परत. सैल वळलेली होती, म्हणजे चूक माझीच. पण देखरेखीची बाई रुकानाहवर करवादली, कारण ती पुढे बसते. मी मान खाली घालून तंबाखू निवडत राहिले. म्हटलं, बोलून होईल तिचं. दुपारी रुकानाहला माझ्या डब्यातली फणसाची भाजी जास्त वाढली, म्हणजे फिटलं.

आता खरी बातमी, जी तू मला सांगायला हवी होतीस. आपल्या गावची यात्मी इथे भाचीकडे आली आहे. ती सांगत होती की म्बाह रेसोंच्या भट्टीत तुम्ही घडवत असलेला काशाचा मोठा गोंग अगदी शेवटाला आला असताना तडकला. आणि का, तर बुलिकने भट्टीच्या नैवेद्याच्या ताटात कच्च्या अंड्याऐवजी खारवलेलं, उकडलेलं बदकाचं अंडं ठेवलं. मी इतकी हसले की तंबाखू सांडली. खोलीतल्या चाळीस बायकांना सांगितलं. एकजण म्हणाली, खारट खाऊन भट्टीच्या अदृश्य रखवालदारांना तहान लागली असणार, ते गेले पाणी शोधायला आणि इकडे गोंग उघड्यावर पडला. दोन दिवस तेच चाललं होतं.

पण खरंच, बुलिक आता थकली रे. आपल्या आईची पाठची बहीण, साठीला आलीच की. विसरत असेल. ताटाचं काम आता दुसऱ्या कोणाकडे द्या आणि तिला जरा बसू द्या.

घरात सगळ्यांना माझी आठवण सांग. बहिणीवरची माया कार्डाच्या किमतीपेक्षा जास्त असेल तर उत्तर टाक.

तुझी,
यू दार्सिनी


कारांगतालुन,
९ जुलै १९८६

ती. यू दार्सिनीस,

सादिकुनचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. वुरीचा ताप गेला. लोणचं बंद आहे. पैनाहने शेवग्याच्या शेंगा वाळवून ठेवल्या आहेत, कोणी तिकडे आलं तर पाठवते म्हणाली.

गोंगचं यात्मीने सांगितलं ते खरं आहे. क्लातेनच्या बाहुल्यांच्या खेळवाल्याचा होता. लग्नांच्या महिन्यात त्याचे खेळ असतात म्हणून त्याला घाई होती. आता सगळं वितळवून पुन्हा ओतायचं. म्बाह रेसो कोणाला काही बोलले नाहीत. ते बोलत नाहीतच. बुलिकला तेवढं म्हणाले की तू काही दिवस विश्रांती घे.

तू म्हणतेस बुलिकला बसू द्या, तर ती बसली नाही, गेलीच. मागच्या शुक्रवारी. विहिरीवर बायका हसायच्या आणि पोरं तिच्या मागे खारं अंडं, खारं अंडं करत जायची. तिने स्वयंपाकघर धुतलं, भट्टीच्या ताटाची पितळी भांडी चिंचेने घासून म्बाह रेसोंच्या ओसरीवर पालथी घातली आणि वोनोगिरीला भावाकडे निघून गेली. मी कामावर होतो. पैनाहने तिला स्टँडवर सोडलं. बस सुटेपर्यंत बुलिक एकच विचारत होती, की चिनी बाजारातल्या दुकानात त्या दिवशी कच्ची अंडी असतील का, तिथे जायला हवं होतं का.

तू तो विनोद आता सांगू नकोस. म्हणजे सांगितलास ते झालं, पण यापुढे नको.

आणखी एक. सेमारांगला डोळ्यांचं मोठं इस्पितळ आहे असं ऐकलं. दिव्याभोवती कडं दिसत असेल आणि सकाळी धुकं असल्यासारखं वाटत असेल तर तिथे काही करतात का? इथल्या एका ओळखीच्या माणसाला हवं आहे. विचारून ठेव, घाई नाही.

तुझ्या धाकट्यावर आहे तसाच लोभ ठेव.

सादिकुन


कुदुस,
२१ जुलै १९८६

चि. सादिकुन यास,

आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र आलं त्याच आठवड्यात बुलिकचाही निरोप आला, वोनोगिरीच्या शाळामास्तरांच्या अक्षरात. तिने माझी चौकशी केली आहे, तुझ्या पोरीची केली आहे आणि मग पानभर एकच गोष्ट. ईदेच्या आठवड्यात सगळ्यांनी केक आणि बिस्किटं केली, त्यामुळे गावात कच्चं अंडं उरलं नव्हतं. ती पाच घरं फिरली. मग खारं ठेवलं. आता ती मला विचारते आहे, तू शहरात राहतेस, चार लोकांत बसतेस, तुला काय वाटतं, खाऱ्याने खरंच एवढं होतं का? म्हणते, झोपताना ती आजवरची सगळी ताटं एकेक करून डोळ्यांसमोर आणते आणि तपासते.

ते वाचलं आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याच दिवशी खोलीत कोणीतरी तहानलेल्या रखवालदारांचा विनोद पुन्हा काढला. मीच आणलेला विनोद, आता चार वाक्यांनी लांबलेला. मी हसले नाही, पण थांबवलाही नाही. तू नको सांगूस म्हणालास, पण त्याला आता पाय फुटले आहेत.

तुला रुकानाहचं सांगते, कारण ते मी मागच्या पत्रात फारच हसत हसत लिहिलं होतं. भाजीने काही फिटलं नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून ती माझ्याशी कामापुरतं बोलायची. जुडी उचलायची, कातरायची, बांधायची. माझा सैल माल दिसला तरी तसाच बांधायची. एका आठवड्यात आमच्या चार जुड्या परत आल्या. मी चिडून विचारलं की दिसत नव्हतं का तुला. ती शांतपणे म्हणाली, दिसत होतं, पण तुला बोलायचं नव्हतं तेव्हा मीही का बोलू. मला तिच्या तोंडाकडे बघवेना. मग देखरेखीच्या बाईकडे जाऊन मागची चूक माझी होती म्हणून सांगून आले. बाईने जांभई दिली. तिला आठवतही नव्हतं. पण रुकानाहला आठवत होतं. आता आमचं असं ठरलं आहे की जुडी बांधायच्या आधी मी माझी सगळ्यात वाईट कांडी आपण होऊन तिच्यापुढे ठेवायची आणि तिने तिची. रोज. पहिले काही दिवस एकमेकींपुढे उघडं अंग घेऊन बसल्यासारखं वाटलं.

हे सगळं लिहायचं कारण तुझा तो ओळखीचा माणूस. गावात तुझ्या ओळखीची माणसं मला माहीत आहेत आणि त्यातल्या कोणासाठी तू इस्पितळाची चौकशी करशील हेही माहीत आहे. आपल्या वडिलांचे डोळेही चाळिशीतच गेले होते. तुला आता अडतीसावं लागलं. भट्टीत अंधार का ठेवतात ते मला लहानपणापासून ठाऊक आहे. तापलेल्या काशाचा रंग दिसावा म्हणून. ज्याला रंग दिसत नाही तो घण कशावर घालतो, ते मला लिही.

रागावू नकोस. रागावलास तरी लिही. इथे माझी माया वाट बघत बसली आहे असं समज.

यू दार्सिनी


कारांगतालुन,
६ ऑगस्ट १९८६

ती. यूस,

सा. न. वि. वि.

दोन आठवडे तुझं पत्र खिशात होतं. आज लिहितो.

ओळखीचा माणूस मीच. सहा महिने झाले. उजेडात चालतं, पण भट्टीत आत गेलो की लाल कुठे संपतो आणि काळा कुठे सुरू होतो ते कळत नाही. मी कास्मोच्या हातावर चालवत होतो. तो माझ्या आधी घण घालतो, त्याचा आवाज आला की मी, माझ्यानंतर लामिन. तिघांची लय एवढ्या वर्षांची आहे की डोळे मिटूनही घण बरोबर पडतो. मला वाटायचं, असंच निभावून जाईल.

कासं लाल असेपर्यंत मऊ, हे तुला माहीत आहे. रंग उतरला की काच. रंग उतरताना म्बाह रेसो पुरे म्हणतात, पण खरं तर आम्ही ते म्हणायच्या आधीच थांबतो, दिसतंच आम्हाला. त्या दिवशी त्यांचा उपासाचा तिसरा दिवस होता आणि आवाज खोल गेला होता. कास्मोने घण घातला आणि थांबला. लामिनही थांबला. मी नाही थांबलो. माझा एकट्याचा घण पडला, यू. तो आवाज खापरी फुटल्यासारखा आला. एकशे नव्वद वेळा तापवून झालेला गोंग होता.

म्बाह रेसोंनी सांडशी खाली ठेवली आणि विचारलं, शेवटचा हात कोणाचा. कोणी बोललं नाही. जुमादीने भाता थांबवला होता. अंधार होता, मला वाटलं कोणाला दिसलं नाही. आपल्यात गोंग तडकला की आधी ताट बघायची रीत आहे. माझी नजर ताटाकडे गेली, म्हणजे ताट दाराशी उजेडात होतं म्हणून मला दिसलं. अंड्याचं कवच बदकाच्या अंड्यासारखं निळसर होतं.

ताटातलं अंडं खारं आहे, हे मी म्हणालो. कास्मो नाही, लामिन नाही, मी. बुलिक तेव्हा मागच्या दारात आमचा चहा घेऊन उभी होती.

सगळ्यांनी ताटाकडे पाहिलं आणि सगळ्यांचा श्वास मोकळा झाला, तो मला ऐकू आला. कास्मो म्हणाला, मग बरोबर आहे, दुसरं काय होणार. वड्याचं तेल वांग्यावर निघालं आणि आम्ही चौघं तिनेच आणलेला चहा प्यायलो.

आई गेल्यावर तू कुदुसला गेलीस, तेव्हा मला दोन वर्षं बुलिकच्या हातचं जेवण होतं. मला हे सगळं माहीत आहे, तू सांगू नकोस. पण घणाच्या रांगेतून काढलेला माणूस गावात काय करतो? मला दुसरं काही येत नाही. पैनाहला अजून सांगितलेलं नाही. पुढच्या आठवड्यात नवी चकती ओतायची आहे. घण माझ्याच हातात आहे.

एवढं वाचूनही भाऊ म्हणवत असेल तर म्हण.

सादिकुन


कुदुस,
१२ ऑगस्ट १९८६

सादिकुन,

आशीर्वाद लिहायला हात उचलत नाही. ते पुढच्या पत्रात घे.

तुझं पत्र वाचून मी आधी तुझ्यावर चिडले, मग माझ्यावर. तू तोंड उघडलंस ते एका भट्टीत. मी त्याला चाळीस बायकांपर्यंत नेलं. दोघा भावंडांनी मिळून छान सेवा केली मावशीची.

घण खाली ठेव. पुन्हा ओतायच्या आधी ठेव, नंतर नाही. रांगेतून काढतील की नाही हे त्यांना ठरवू दे. तू ठरवायचंस ते एवढंच की तुझा घण पुढच्या तड्याला कारण होणार का. तेव्हा ताटात काय सापडेल आणि ते ताट कोणी केलेलं असेल, पैनाहने? मी तुला पाठीशी घालणार नाही. लहानपणी घातलं, त्याचंच हे फळ असेल.

सेमारांगला विचारलं. मोतीबिंदू असेल तर काढतात. मी येईन बरोबर. आधी बोल, मग डोळे.

दार्सिनी


कारांगतालुन,
२८ ऑगस्ट १९८६

ती. यूस,

सा. न. वि. वि.

बोललो. तू मागशीलच म्हणून सगळं लिहितो.

ओतायच्या दिवशी सकाळी, भाता सुरू व्हायच्या आधी, मी घण ऐरणीशी उभा केला आणि सांगितलं. डोळ्यांचं सांगितलं, शेवटचा हात माझा होता ते सांगितलं, अंड्याचं मी मुद्दाम म्हणालो ते सांगितलं. मला वाटलं होतं कास्मो अंगावर येईल, म्बाह रेसो उठून जातील.

कोणालाच आश्चर्य वाटलं नाही, यू.

लामिन पायाचा चिखल खरवडत होता, तो खरवडत राहिला. जुमादी म्हणाला की तो भात्याशी उंचावर बसतो, विस्तवाचा उजेड तिन्ही घणांवर पडतो, त्याला त्याच क्षणी दिसलं होतं. कास्मो म्हणाला की त्याला रोज्यांच्या महिन्यापासून ठाऊक होतं, मी त्याच्या हातावर चालवतो म्हणून तो माझ्यासाठी आपला हात जरा सावकाश ठेवत होता. हे त्याने उपकार सांगावेत तसं सांगितलं. आणि म्बाह रेसो म्हणाले की त्या दिवशी पहाटे सारिंतेन, म्हणजे आपली बुलिक, त्यांच्याकडे आली होती. कच्चं अंडं मिळत नाही, खारं चालेल का, असं तिने विचारलं आणि ते चालेल म्हणाले होते.

म्हणजे तिने परवानगी घेतली होती, आणि हे तिने कोणालाही सांगितलं नाही, पैनाहलाही नाही, तुला लिहिलेल्या पत्रातही नाही.

मी चिडलो. लाज वाटायच्या ऐवजी आधी चिडलो. कास्मोला म्हणालो, माहीत होतं तर माझा हात का धरला नाहीस. तो म्हणाला, आणि तू स्वतः घण का ठेवला नाहीस. जुमादी म्हणाला, मी लहान, मोठ्यांमध्ये कसं बोलू. म्बाह रेसो म्हणाले, मी वाट पाहत होतो की ज्याचं त्याने बोलावं. प्रत्येकाकडे एक चांगलं कारण होतं. मग लामिन, जो वर्षातून चारदा बोलतो, तो म्हणाला की विहिरीवर बायका हसत होत्या तेव्हा मीही हसलो, मला ती गोष्ट खोटी आहे हे माहीत असून हसलो. त्यानंतर कोणी कारण दिलं नाही. पाच माणसं खाली बघत बसलो होतो आणि विस्तव आपोआप विझत चालला होता.

दुसऱ्या दिवशी ओतलं. आता मी भात्यावर आहे, जुमादी घणावर. दर वेळी चकती बाहेर काढली की घणावरच्या प्रत्येकाने दिसतंय म्हणायचं, मोठ्याने. एकजणही गप्प राहिला तर चकती परत विस्तवात. पहिल्या दिवशी नव्या नवरीसारखे पुटपुटत होतो. तिसऱ्या दिवशी कास्मोने मध्येच घण खाली ठेवला आणि हात भरून आला, या फेरीला भरवसा नाही, म्हणाला. कास्मो, यू. त्याच्या तोंडून ते निघताना त्याचे कान लाल झाले होते, एवढं मलाही दिसलं. थांबलो. गोंग बारा दिवसांत झाला, न तडकता. खेळवाल्याचे निम्मे खेळ मागून आणलेल्या गोंगवर झाले होते, तो घुश्शातच घेऊन गेला.

मग आम्ही पाचहीजण वोनोगिरीला गेलो. बुलिक अंगणात कसाव्याचे काप वाळत घालत होती. बारीक झाली आहे. तिने चटई घातली, चहा केला. आम्ही सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली की बोललात ते बरं झालं, पण हे माझ्या भावाचं अंगण आहे, इथे मला खारं अंडं म्हणून कोणी ओळखत नाही. माझं नाव गेलं ते विहिरीवर आणि बाजारात. शोधायचं असेल तर तिथे शोधा.

सुरो महिन्याच्या गावजेवणाला सगळा गाव असतो. म्बाह रेसो म्हणाले, तिथे बोलू. बुलिक येते म्हणाली. तुला रजा मिळाली तर ये. एकट्याने उभं राहायचं नाही एवढं खरं, पण पाचजणांत उभं राहणंही सोपं वाटत नाही.

पैनाहला सांगितलं. ती रडली नाही, फक्त म्हणाली की स्टँडवर मी बुलिकला लागेल असं काय काय बोलले होते.

राहिलेली माया थोडी इकडे पाठव.

सादिकुन


कारांगतालुन,
१० सप्टेंबर १९८६

ती. यूस,

सा. न. वि. वि.

तुला रजा नाकारली हे कळलं. पण कारखान्यात चाळीस बायकांसमोर स्टुलावर उभी राहून तू तो विनोद परत घेतलास, हे वाचलं आणि मला धीर आला. रुकानाह खालून स्टूल धरून उभी होती हे वाचून थोडं हसूही आलं. तू पाठवलेला माफीचा कागद मशिदीच्या मोदिननी जेवणाआधीच्या दुवेनंतर वाचून दाखवला.

आधी म्बाह रेसो उठले. ऐंशीचा माणूस, ज्यांच्या पाया पडायला खेळवाले लांबून येतात. ते म्हणाले की अंडं मी चालेल म्हणालो होतो आणि तिला बोल लागला तेव्हा मी ओसरीवर बसून होतो. मग मी. घणाचं सांगताना जीभ चालली, पण अंड्याचं वाक्य पुन्हा जसंच्या तसं म्हणायचं होतं, तिथे अडली. बुलिक बायकांच्या रांगेत भिंतीशी बसली होती. मी तिच्याकडे बघून म्हणू शकलो नाही. केळीच्या पानाकडे बघून म्हणालो. कास्मो, जुमादी, लामिन बोलले. विहिरीवरच्या बायका पदराशी चाळा करत होत्या. कोणी काही म्हणालं नाही, आणि गावाने काहीतरी म्हणावं अशी माझी इच्छा होती. शिव्या दिल्या असत्या तरी बरं वाटलं असतं.

मोदिननी बुलिकला विचारलं, तुला काही बोलायचं आहे का. ती म्हणाली, भात निवतोय, जेवा.

सगळे जेवले.

रात्री ती आमच्याकडे राहिली, वुरीला कुशीत घेऊन. सकाळी मी स्टँडवर सोडायला गेलो. भांडी ओसरीवर आहेत तशीच आहेत, परत ये, असं म्हणालो. आमचं आम्ही ताट करतो, पण भाताचा डोंगर उभा राहत नाही, कास्मोने केला तो एका अंगावर झुकला होता. ती जराशी हसली. पत्र लिहीन म्हणाली.

सेमारांगची तारीख अठ्ठावीस मिळाली आहे. तू येणार म्हणालीस, तेवढा शब्द पाळ. आता बुलिक परत आली की सगळं सुरळीत होईल असं वाटतं.

तुझ्या लोभाला पात्र होण्याच्या खटपटीत,

सादिकुन


वोनोगिरी,
२४ सप्टेंबर १९८६

चि. सादिकुन यास,

बुलिकचे आशीर्वाद. वि. वि.

मी बोलते आणि शाळेचे मास्तर, पाक गुरू, लिहून घेतात. नीट करून लिहू नका, मी बोलेन तसं लिहा, असं त्यांना सांगितलं आहे.

डोळे करून घे. घाबरू नकोस. घरातून निघताना वुरीला सांगून निघ, नाहीतर ती दारात बसून राहील. दार्सिनीलाही आशीर्वाद कळव. तिचा कागद मी मोदिनांकडून मागून आणला आहे. मला वाचता येत नाही, पण तो माझ्याजवळ आहे.

तू विचारलंस परत येते का. राग नाही. माझे मालक, तुझे काका, त्या भट्टीत घण मारत होते, ते गेल्यावर म्बाह रेसोंनी मला चूल आणि ताट दिलं, त्यावर मी बावीस वर्षं जगले. पाचजण गावासमोर उभे राहिलात, तसं कोणी कोणासाठी करताना मी पाहिलेलं नाही. ते मी विसरणार नाही.

पण जेवणाच्या दिवसापासून माझं एका जागी अडलं आहे. बावीस वर्षांत भट्टीत अकरा गोंग तडकले. मला सगळे आठवतात, महिन्यासकट. दर वेळी ताटात काहीतरी सापडलं. एकदा फुलं कोमेजली होती. एकदा केळं जुळं निघालं. एकदा काहीच सापडलं नाही, तेव्हा म्हणाले की रांधताना हिचं मन स्वच्छ नसणार. दर वेळी मी तीन दिवस उपास केला आणि कोणाच्या घरात पाऊल टाकलं नाही, माझं अशुभ त्यांना लागू नये म्हणून.

तुझी आई शेवटाला आली होती त्या वर्षीही एक तडकला. तू तेव्हा नुकताच घण धरायला लागला होतास. मला वाटलं, बहिणीचं दुःख मी ताटात नेलं म्हणून झालं. तीन दिवस मी तिच्याकडे गेले नाही. ती दुसऱ्या दिवशी गेली.

म्हणून तुम्हा सगळ्यांना एक काम सांगते. त्या अकरांतले माझे किती आणि घणाचे किती, ते विचारून कळव. म्बाह रेसोंना आधी विचार, त्यांचं वय झालं. कास्मोचा बाप अंथरुणावर असला तरी बोलतो, तेव्हा घण त्याच्या हातात होता, त्याला विचार. नावं मला नकोत, कोणावर राग धरायचा नाही. नुसता आकडा लिही. त्यावर मी येते की नाही ते ठरवीन.

माझा जीव तुम्हा दोघांवर होता तसाच आहे.

बुलिक सारिंतेन
हिच्या डाव्या अंगठ्याची खूण